पारविणीचं कुंकू

आमच्या कमळाकरला अपुरं पुस्तक सोसत नसे. कुणाला अळणी आमटी सोसत नाही, कुणाला उघडं दार सोसत नाही, तसं. आणि त्याला कारण झाली एक शेळी. हसू नका, खरं सांगते.

तो शाळेत जायला लागला तेव्हा त्याला बक्षीस म्हणून प्राण्यांच्या नीतिकथांचं एक चित्रांचं पुस्तक मिळालं. तोवर आमच्या घरात वाचायचं म्हणजे पोथी नाही तर पंचांग. त्यात चित्र कसलं असायला! ह्या पुस्तकात सिंह होता, कोल्हा होता, उंट होता, आणि सगळे माणसांसारखे बोलत होते, भांडत होते. कमळू ते उशाशी घेऊन झोपायचा. एके दिवशी ओट्यावर ठेवून पाणी प्यायला आत आला, तेवढ्यात समोरच्यांची शेळी शेवटची पानं खाऊन मोकळी झाली. उंटाचं पुढं काय झालं ते त्याला कळलंच नाही. किती दिवस रडला मेला! मी माझ्या मनानं दहा शेवट रचून सांगितले, एक पटेल तर शपथ. "अक्का, तुझं नको. पुस्तकात काय होतं ते सांग," म्हणायचा.

मी त्याची थोरली बहीण, रुक्मिणी. सगळी शुक्रवार पेठ मला अक्काच म्हणते. माझं लग्न लहानपणी झालं आणि सासरी नांदायला जायच्या आत यजमान वारले. त्यांचा चेहरा विचाराल तर मला सांगता यायचा नाही. मुंडावळ्या आठवतात, त्यांच्या मागं कोण होतं ते दिसलंच नव्हतं. त्यांच्यासाठी माझं कपाळ पुसलं, पुढं केस गेले, लाल आलवण आलं. आई गेल्यावर कमळूला मीच वाढवलं. शाळेतून आला की तो मास्तर व्हायचा आणि मी त्याची विद्यार्थिनी. शेळीनं अर्धवट खाल्लेल्या त्या पुस्तकावरच मी अक्षरं शिकले. तेव्हा त्या शेळीचे माझ्यावरही उपकारच म्हणायचे.

पुढं तो खराच मास्तर झाला. पगार हातात पडला आणि त्याचं हे वेड सुरू झालं. लोक दागिने करतात, जमीन घेतात. आमचा कमळाकर नीतिकथांची जुनी चित्रांची पुस्तकं गोळा करायचा. मंगळवारच्या बाजारात मोडक्या कुलपांच्या आणि फुटक्या कंदिलांच्या ढिगात हात घालून बसायचा. गिरणीचा कुणी साहेब विलायतेला परत निघाला की त्याच्या सामानाच्या लिलावाला हा हजर. तिथून एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं, त्यात प्रत्येक चित्रावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद होता. अक्कलकोटकडून आणलेल्या कानडी पुस्तकात सिंहाला पैलवानासारख्या मिशा होत्या. एका गुजराथी पुस्तकात माकडाला पगडी. उर्दू पुस्तक घेतलं तेव्हा फजितीच झाली. ते उजवीकडून उघडायचं असतं हे ह्या मास्तरांना ठाऊक नाही, बसले शेवटाकडून चित्रं बघत. त्यामुळं मेलेला ससा आधी आणि उड्या मारणारा ससा नंतर. "उलटं वाचलं की सगळे जिवंत होतात," असं नंदू म्हणाली होती.

नंदू म्हणजे कमळाकरची मुलगी, एकुलती एक. नाव नंदिनी. आई वच्छला, माझी भावजय. गरीब गाय आहे बिचारी. नवऱ्यानं भाजीऐवजी पुस्तक आणलं तरी "आज पिठलं करू की" म्हणायची. मी मात्र ऐकवायची. "अरे, त्या मिशावाल्या सिंहाला सांग की रात्रीच्या भाकरी थापायला!" तो हसायचा आणि पुस्तकाला मोरपिसानं झाडत बसायचा.

सगळ्यांत त्याच्या जिवाचं पुस्तक एकच. जुन्या शिळाछापाचं, जाड हातकागदाचं, आणि चित्रांत रंग कुणीतरी हातानं भरलेले. निळा तर असा होता की बोट लावावंसं वाटे. कुठल्या कारागिराचं काम होतं देव जाणे, नाव कुठंच नव्हतं. आणि हे पुस्तक पूर्ण होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक ओळ गेलेली नाही, एक डाग नाही. कसर लागू नये म्हणून कमळाकर त्याच्या वर-खाली वेखंडाचे तुकडे ठेवायचा. हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही. माझं सोवळं परवडलं, पण त्याच्या कपाटाचं नको, असं मी म्हणायची.

नंदूला ते लांबून दाखवायचा. गोष्टी तिला वाचून दाखवायचं काम माझं, आणि तेही साध्या पुस्तकांतून.

तर त्या वर्षीचा दसरा. आमच्याकडे पाटीपूजन असतं. पाटावर पाटी, तिच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढलेली, आणि बाजूला घरातली पुस्तकं. त्या वर्षी कमळाकरनं कौतुकानं शिळाछापाचं पुस्तकही मांडलं. वच्छलानं पूजा केली. नवऱ्याचा स्वभाव ठाऊक, म्हणून तिनं हळद-कुंकू पाटीला वाहिलं आणि त्या पुस्तकावर नुसतं झेंडूचं फूल ठेवलं. संध्याकाळी तो सोनं वाटायला बाहेर पडला. वच्छला स्वयंपाकघरात होती. मी माजघरात वाती वळत बसले होते, आणि नंदू पाटासमोर.

"आत्या, सिंहीण सवाष्ण असते का गं?"

"सिंह जिवंत आहे ना? मग आहे की."

"आणि कोल्हीण?"

"तिचा कोल्हा कुठं मरायला बसलाय? आहे सवाष्ण."

असं बराच वेळ चाललं होतं. मला वाटलं पोरीची बडबड. मग मान वर करून बघते तर काय! हिनं करंडा उघडलेला, सहाण शेजारी ओढलेली, पुस्तक मांडीवर. सगळ्या माद्यांना कुंकू आणि सगळ्या नरांना गंध लावत चालली होती. सिंहिणीला कुंकू, सिंहाला उभं गंध. कोल्ह्याला आडवं, थेट आमच्या भटजींसारखं. आणि गंध लावल्यावर तो कोल्हा खरंच भटजींसारखा दिसायला लागला होता. मला हसू आवरेना, काय करू!

पान उलटत उलटत ती पारव्याच्या गोष्टीशी आली. चित्रात पारध्याचं जाळं होतं, जाळ्यात पारवा अडकलेला, आणि वरच्या फांदीवर पारवीण एकटी बसलेली. त्या गोष्टीत पारवा पुढं मरतो. नंदूला गोष्ट पाठ होती. तिचं बोट थांबलं.

"हिचा पारवा मेला ना?"

"हो."

"मग हिला नाही लावायचं?"

"नाही."

"तुझ्यासारखं?"

"हो बाळ, माझ्यासारखं."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग पारविणीकडं. उठली ती कुंकवाचं बोट तसंच पुढं धरून सरळ माझ्याकडं आली. मी तिचं मनगट धरलं.

"नको गं, पाप लागतं."

"कुणाला?"

"मला."

 ती परत जाऊन बसली आणि म्हणाली, "मग हिलाच लावते. पाखरांना पाप लागत नाही. ही तूच आहेस आत्या. हिला लावलं की तुला लागलं."

आणि लावलं की! त्या पारविणीचं कपाळ केवढं, कुंकू केवढं! डोकं सगळं लाल झालं, थोडं पंखावर ओघळलं. मला रडू आलं. आलं तर आलं, कुणाची चोरी आहे? जन्मात कुणी मला कुंकू लावलं असेल ते मला कळायच्या आत. कळत्या वयात लावणारी ही एकटी.

तेवढ्यात कमळाकर आला. हातात आपट्याची पानं होती. मांडीवरचं पुस्तक आणि लाल बोटं बघितली आणि त्याचा चेहराच बदलला. दुसऱ्या क्षणी त्यानं नंदूच्या गालावर फाडकन् लगावली. सोन्याची पानं घरभर झाली.

"ह्याची दुसरी प्रत नाही उभ्या मुलखात! बाद केलंस सगळं!"

"अरे, पुस्तकाच्या कपाळाला कुंकू लागलं, काजळी तर नाही लागली!" मी ओरडले. "दसऱ्याच्या दिवशी लेकराला मारतोस? लाज नाही वाटत?"

नंदू रडली नाही. गाल धरून नुसती बघत राहिली. पारविणीचं तिनं बापाला सांगितलं नाही, आईलाही नाही. आणि मी तरी कुणाला सांगणार होते? पोर विधवेला कुंकू लावायला निघाली होती, हे काय पेठेत सांगत सुटायचं? ते आम्हा दोघींतच राहिलं. नंतर सोडा, पाव, काय काय लावून कमळाकरनं डाग काढून बघितले. सिंहाचं गंध गेलं, बाकीच्यांची कुंकवं फिकी झाली. पारविणीचं तेवढं हटलं नाही. भरभक्कम लावलं होतं ना पोरीनं!

थंडी सरता सरता नंदूला घटसर्प झाला. घसा आतून धरत गेला. डॉक्टर आले, सुई दिली, जे करायचं ते सगळं झालं. शेवटी तिला बोलता येत नव्हतं. बापाचा हात ओढून तिनं गालाशी धरला होता. तोच हात, तोच गाल. तिला काही त्या चापटीची आठवण नसेल, गार लागत असेल म्हणून धरला असेल, असं मी त्याला पुष्कळदा सांगितलं. तो ऐकून घ्यायचा.

ती गेली. घरातला आवाजच गेला म्हणा. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा आणि वच्छला अजून पोरीला वेणी घालायला हाक मारायला तोंड उघडायची. तिचे कपडे, परकर, बांगड्या सगळं देऊन टाकलं. घरात ठेवू नये म्हणतात. कमळाकर जेमतेम चार घास खायचा, शाळेत जायचा, यायचा आणि भिंतीकडं बघत बसायचा. पुस्तकांचं कपाट त्यानं उघडलं नाही. मोरपिसावर धूळ बसली.

उघडायची ती मी. तो शाळेत गेला, वच्छला पाण्याला गेली, की मी कपाट उघडायची. हात धुऊनच, त्याची शिस्त मोडली नाही. पारविणीचं पान काढून बघायची. कुंकवात तिच्या बोटावरच्या रेघा उमटल्या होत्या, बारीक बारीक, गोल गोल. नंदूचं म्हणून जगात एवढंच उरलं होतं. आणि माझं म्हणूनही तेवढंच होतं. देवाचं मी काही चुकवलं नाही, पण आधी कपाट आणि मग देवघर, असा माझा क्रम झाला होता. एखादी माय लेकीला भेटायला जाते ना, तसं जाऊन यायची.

पावसाळा संपत आला आणि वैरागहून शिवलिंगप्पा आले. धान्याचे व्यापारी, कमळाकरच्या ओळखीचे, त्याचं वेड त्यांना ठाऊक. म्हणाले, "मास्तर, आमच्या माळ्यावर तुमच्यासारखंच एक पुस्तक सापडलंय की. तेच शिळाछाप, तीच चित्रं. पुढची-मागची पानं उंदरांनी नेली, पण मधली कोरी करकरीत हायत."

मी कमळाकरच्या तोंडाकडं बघत होते. कितीतरी महिन्यांनी त्या तोंडावर काहीतरी हललं. "मधली कोरी आहेत?" त्यानं दोनदा विचारलं. संध्याकाळी आपण होऊन भाकरी मागून घेतली. वच्छलानं पदर डोळ्याला लावला. मलाही किती बरं वाटलं म्हणून सांगू! रविवारी तो सर्व्हिस मोटारीनं वैरागला निघाला, तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाचटणी मीच बांधून दिली. काय आणायला निघालाय ते विचारलंसुद्धा नाही. पुस्तकच आणणार, दुसरं काय? माणूस पुन्हा माणसात येतोय, ह्यातच मी खूश होते.

वैरागचं पुस्तक आलं. मग दोन्ही पुस्तकं काखोटीला मारून तो ज्ञानबाकडं गेला. ज्ञानबा आमच्या पेठेतला बांधणीवाला, वह्या-पुस्तकं, देवळातल्या पोथ्या सगळं तोच बांधतो. कपाटातली पुस्तकाची जागा रिकामी दिसली तेव्हा मी विचारलं, तर कमळाकर म्हणाला, "शिवण सैल झाली होती अक्का. दसऱ्याच्या आत मिळेल." मला काय ठाऊक! मी दिवस ढकलत राहिले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो पुस्तक घेऊन आला. नवं कापड, नवे पुठ्ठे, कोपरे चामड्याचे. माझ्यासमोर पाटावर ठेवलं आणि म्हणाला, "अक्का, बघ. आता एक डाग नाही. पूर्ण झालं."

एक डाग नाही म्हणजे?  मी घाईघाईनं पानं उलटली, हात धुवायचीही शुद्ध राहिली नाही. सिंहीण कोरी, कोल्हा कोरा. जाळं आलं, पारवा आला, फांदी आली. फांदीवर पारवीण बसली होती आणि तिचं कपाळ पांढरं फटक होतं.

"हे पान कुठलं?"

"वैरागचं. कुंकवाची सगळी पानं काढून त्या पुस्तकातली बसवून घेतली. जोड कळते का बघ."

"आणि आपलं?"

"ते डागाळलेलं? ज्ञानबाकडं राहिलं. काय करायचंय त्याचं?"

मी ओरडले की काय मला आठवत नाही. वच्छला स्वयंपाकघरातून धावत आली, तिचे हात पिठाचे होते. मी बोलत सुटले होते. सगळं सांगितलं, दसऱ्याच्या संध्याकाळचं. सिंहिणीचं, कोल्हिणीचं, माझ्यापुढं आलेल्या बोटाचं, आणि पाखरांना पाप लागत नाही ते. "ती पारवीण मी होते रे! पोरीनं मला लावलं होतं कुंकू! कपाळावर घेता आलं नाही म्हणून कागदावर घेतलं होतं मी ते. पहिलं कुंकू पुसलं तेव्हा मला काही कळत नव्हतं. हे दुसरं. हे तू पुसलंस. माझ्या भावानं पुसलं!"

कमळाकर खालीच बसला.  म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं अक्का. देवाशपथ नव्हतं. मला त्या पानात माझी चापट दिसायची. कपाट उघडलं नाही ते त्याच्यासाठी. म्हटलं, ते पान गेलं तर माझा हात तरी जाईल डोळ्यांपुढून."

 मला जे पोरीचं कुंकू, तेच त्याला पोरीच्या गालावरचा हात. एकाच पानावर दोन्ही. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "ऊठ. ज्ञानबाकडं चल."

भर दिवसा मी अशी रस्त्यानं सहसा जात नाही, पण त्या दिवशी गेले. मागोमाग कमळाकर, पुस्तक छातीशी धरून. ज्ञानबा खळीच्या भांड्यात ब्रश घालून बसला होता. मला दारात बघून गडबडीनं उठला.

"ज्ञानबा, ह्या पुस्तकातलं जुनं पान. पारव्याचं. फेकलंस का?"

"न्हाई अक्का, फेकीन कसं? हातकागुद हाय त्यो, लई टिकाऊ." माझ्या जिवात जीव आला. पण तो पुढं म्हणाला, "ह्याच पुस्तकाच्या मागल्या पुठ्ठ्यात घातलाय की. आमी पुठ्ठा असाच करतो, कागदावर कागुद चिकटवून. घरचाच कागुद घरच्याच पुस्तकात, मास्तरास्नी बरं वाटंल म्हटलं."

मी पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. गुळगुळीत, थंड.

"काढता येईल?"

"पाण्यात घालून ठिवलं तर सुटंल. पर..." तो माझ्या कपाळाकडं बघून थबकला, मग मान खाली घालून बोलला. "कुंकू हुतं न्हवं त्याच्यावर? खळ लावली तवाच माजी बोटं लाल झाली हुती. ऱ्हायलं असंल थोडंफार. पर पाण्यात कसं टिकंल, अक्का?"

त्याची बोटं मी बघितली. खळीनं पांढरी झाली होती.

घरी आलो. कमळाकरनं पुस्तक पाटावर ठेवलं आणि विळीजवळचा चाकू आणला. वाटभर मी मनात त्याला शिव्या देत आले होते, फोड ते पुस्तक म्हणणार होते. पण चाकू बघितला आणि मला त्याचं ते रविवारचं तोंड आठवलं, चटणी-भाकरी घेऊन निघालेलं. जन्मभर ज्यानं अपुऱ्या पुस्तकांचा धसका घेतला, त्याचं हे एक पूर्ण झालेलं. आणि फोडून मिळणार काय? ओला कागद.

"राहू दे कमळू," मी म्हणाले. "आत आहे ना? असू दे आत. मी वरून हात लावीन."

"मला ते बघायचंय अक्का," तो म्हणाला. "तिनं काय केलं होतं ते मी नीट बघितलंच नाही. मारायच्या घाईत होतो."

"पण पुस्तक?"

"राहू दे अपुरं."

त्यानं मागची शिवण कापली, कापड सोलून काढलं आणि पुठ्ठा घंगाळात ठेवला. आम्ही तिघं घंगाळाभोवती बसलो. खळ सुटायला लागली तसं पाणी ताकासारखं पांढरट झालं. वरून जुन्या पंचांगाचं पान सुटलं, मग नाटकाची जाहिरात, मग कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. कमळाकर एकेक पदर नखानं उचलत होता, अगदी हळू, तापलेल्या पोराच्या अंगावरची चादर काढावी तसा. मग पाण्यात एक लालसर रेघ आली. वाकडी-तिकडी होत पसरली आणि घंगाळातलं सगळं पाणी गुलाबी झालं.

पान वर आलं. पारवा विरघळला होता, फांदी ओघळली होती, तो निळा रंग सगळीकडं झाला होता. पारविणीची आकृती तेवढी शाईत शिल्लक होती. कपाळावर काही नव्हतं.

कमळाकर ते पान दोन्ही तळव्यांवर घेऊन बसून राहिला आणि लहानपणी शेळीसाठी रडला होता तसा मोठ्यानं रडला. नंदू गेली त्या दिवशी तो रडला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटत होतं, झालं, आता पोर पुरतीच गेली.

 वच्छलाचे हात अजून पिठाचेच होते. तिनं ते पदराला पुसले, पुढं सरकली आणि उजव्या हाताचं बोट घंगाळातल्या गुलाबी पाण्यात बुडवलं. मग माझ्याकडं वळली.

"वन्सं, हात धरू नका माझा."

"अगं, हे काय..."

"हे माझं नाही. नंदूचं आहे. ती लावायला आली होती ना तुम्हाला? राहिलं होतं तिचं."

 माझ्या कपाळाला गार पाणी लागलं. मी तिचा हात धरला नाही. पाप लागायचं असेल तर लागो म्हटलं, इतकी वर्षं न लावून कुठलं पुण्य पदरात पडलं होतं?

एक थेंब नाकावर आला. मी तो तसाच राहू दिला.

घंगाळातलं पाणी वच्छलानं तुळशीला घातलं. पान सावलीत वाळवून कमळाकरनं पुस्तकात ठेवलं, सुटंच, शिवलं नाही. मागचा पुठ्ठा त्यानं पुन्हा कधी घातला नाही. अजूनही ते पुस्तक कपाटात तसंच आहे, पाठ उघडी असलेलं, आणि कुणी बघायला आलं की तो आधीच सांगून टाकतो, "प्रत अपुरी आहे."

पाणीच ते, बघता बघता वाळून गेलं असणार. आरशात बघायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी दसरा होता, सकाळी न्हावंच लागलं. पण त्या संध्याकाळी मी तोंड धुतलं नाही.